उणे वीसमधला रत्नपारखी

दगड कापायला हिवाळाच कशाला हवा, असं मला मिनेसोटात सगळे विचारतात आणि खरं उत्तर मी कोणालाच देत नाही. इथली शहाणी माणसं नोव्हेंबरात करवतीची टाकी रिकामी करतात, वर ताडपत्री टाकतात आणि एप्रिलपर्यंत तळघरात बसून आधी कापलेल्या चकत्या घासतात. आमच्या हौशी मंडळाची कार्यशाळा तर चांगली उबदार आहे. करवत माझ्यापेक्षा मोठी, वर कॉफी फुकट. पण तिथे सगळेच दगड कापतात. माझं कौतुक करणार कोण? तेच बाहेर उणे वीस असताना गॅरेजमध्ये उभं राहून कापलेली चकती वाकडीतिकडी निघाली तरी पराक्रमात जमा होते.

दगडाच्या करवतीला दात नसतात. पोलादी पात्याच्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेली असते. कठीणपणाच्या मोह मापात मी कापतो तो अकीक सात, हिरा दहा. त्यामुळे पातं दगड झिजवत झिजवत पुढे सरकतं आणि मुठीएवढ्या दगडाला अर्धा तास सहज जातो. पात्याचा खालचा काठ तेलात बुडालेला असतो. फिरता फिरता पातं ते तेल वर ओढतं, त्यानेच गार राहतं आणि दगडाचा चिखलही त्यातच धुऊन जातो. हे पांढरं खनिज तेल औषधांच्या दुकानात बद्धकोष्ठावर बाटलीने मिळतं आणि घोड्यांच्या दुकानात गॅलनने. मी घोड्यांच्या दुकानात जातो. "किती घोडे आहेत तुमच्याकडे?" तिथल्या बाईंनी कौतुकाने विचारलं. "अर्धा," मी म्हणालो. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची आहे. बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

थंडीत हे तेल इतकं दाटतं की पातं त्यात स्वतःपुरती चर पाडून घेतं आणि मग त्या चरीत कोरडंच गरगरत राहतं. वर थेंब येत नाही, पातं तापतं आणि तापलं की वाकतं. तेलाऐवजी पाणी भरावं, तर रात्रीतून पातं बर्फात चिणलं जातं.

अशा वेळी माझं घराणं कामी येतं. थिजलेल्या तेलाच्या बाबतीत आम्ही पिढीजात तज्ज्ञ. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं आणि सांगलीत डिसेंबरच्या सकाळी ते बाटलीत दगड होऊन बसलेलं असे. यावर आमच्या घरात दोन पंथ होते. आजी बंबपंथी. बाटली बंबाशेजारी, पण हातभर लांब ठेवायची. तेलाला घाई केली तर ते डोक्यात राग धरतं, असं तिचं शास्त्र. आजोबा सूर्यपंथी. ते बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवत आणि कावळा ती पाडेल म्हणून स्वतः शेजारी बसत, म्हणजे खरं तर पेपर वाचत. काका कुठल्याच पंथाचे नव्हते. ते उदबत्तीची काडी बाटलीत खुपसून खरवडत, काडी आत मोडे आणि पुढचा महिनाभर आमच्या केसांना चंदनाचा वास येई. सगळ्यांत हाल शेंडेफळाचे, म्हणजे माझे. वितळलेलं तेल थोरल्यांच्या वाट्याला जाई आणि माझ्या टाळूवर तळाचा गोळा थापला जाई. तो वर्गात दुसऱ्या तासाला वितळायचा. गणिताच्या बाई फळ्यावर अपूर्णांक मांडत असायच्या आणि तेलाची धार कानामागून कॉलरमध्ये उतरत असायची. माझं गणित कच्चं राहण्यामागे हे एक कारण मी अजूनही सांगतो. दुसरं नाही.

मिनेसोटात बंब नाही आणि जानेवारीतलं ऊन निव्वळ शोभेचं. पण ट्रॅक्टरच्या तेलटाकीला चिकटवायचा चुंबकी हीटर मिळतो. (या राज्यात गाड्यांनाही रात्री वायर लावून झोपवतात, तेव्हा करवतीचे लाड कोणाला खटकत नाहीत.) मी तो टाकीखाली चिकटवतो आणि हातभर लांब उभा राहतो. व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "कानाला बांधलंयस ना?" तिने विणलेली कानटोपी मी घालतो. वरून आवाज रोखणारी कानझाकणी चढवली की ती नीट बसत नाहीत, करवत किंचाळत आत शिरते. टोपी काढत मात्र नाही. घरात "अहो, तेलाचे हात!" ही आरोळी तेवढी वसंतापर्यंत चालू राहते.

पाहुणे आले की मी त्यांचे कोट उतरायच्या आत त्यांना गॅरेजमध्ये नेतो. सुपीरिअर सरोवराचा अकीक म्हणजे 1969 पासून मिनेसोटाचं अधिकृत रत्न, सुमारे एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या बुडबुड्यांत तयार झालेला, लोहामुळे लाल. पाहुणे माना डोलावतात. तेवढ्यात मी दख्खनवर येतो. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, वयाने पोरच, पण पसारा आजही पाच लाख चौरस किलोमीटर! आणि वाघोली! पुणेकरांना वाघोली म्हटलं की ट्रॅफिक आठवतो. इथले संग्राहक तिथल्या निळ्या कॅव्हन्साइटसाठी हात जोडतात. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतच, ओरेगॉनमध्ये. पण देखणं वाघोलीचं. हे मी अशा थाटात सांगतो, जणू तिथल्या दगडखाणीत मीच सुरुंग लावला होता.

फक्त गुजरातमधल्या खंबातचं नाव निघालं की थाट उतरतो. रतनपूरचा अकीक खंबातमध्ये घासला जातो. हडप्पाकाळी गुजरातचे लाल मणी पार मेसोपोटेमियातल्या ऊरपर्यंत गेले होते. तिथले कारागीर अजूनही हा दगड घासतात. कित्येक जण घरातच, एमरीच्या चाकावर, कोरडा. ती धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही, आणि तो घासणाऱ्याबरोबर घरातल्यांनाही गाठतो. माझ्याकडे धूळ दाबायला तेल आहे, तोंडाला मास्क आहे आणि कंटाळा आला की बटण बंद करायची मुभा आहे. माळेतल्या मण्यावर घासणाऱ्याचं नाव कधी नसतं. मी मात्र प्रत्येक चकतीखाली माझ्या नावाचं छापील कार्ड ठेवतो. ते कार्ड छापून घेताना मला लाज कशी वाटली नाही, हे कळत नाही. अजून निम्मी शिल्लक आहेत, आणि मी ती वापरणार आहे, हेही सांगून टाकतो.

तर, तुमच्या अंगणात, विहिरीच्या काठाला, एखाद्या खडी केंद्राबाहेर बरी गारगोटी दिसली तर फेकू नका. मला पाठवा, टपालखर्च माझा. फक्त डिसेंबर-जानेवारीत पोचेल असं बघा. उन्हाळ्यात काय, कोणीही कापतो.