तीन टिंबांची थेरं

अहो, चारचौघांत बोलू नये, पण जावास्क्रिप्टवाल्यांच्या वस्तीत तीन टिंबांनी नुसता उच्छाद मांडलाय. ॲरेची कॉपी हवी? चौकोनी कंस, तीन टिंबं, ॲरेचं नाव, कंस बंद. झालं! २०१५ साली ही स्प्रेडबाई भाषेत आली काय आणि इतकी वर्षं निमूटपणे तेच काम करणारा स्लाइस म्हातारा ठरला काय! कॉन्कॅटचं तर कुणी नावही काढत नाही.

हिला डोक्यावर चढवलं रिॲक्टवाल्यांनी. त्यांच्याकडे स्टेटमधला ॲरे कडक सोवळ्यात, पुशने हात लावायचा नाही. जुनाच ॲरे परत दिला तर काही बदललंय हे रिॲक्टला कळत नाही आणि स्क्रीन ढिम्म. आता हे खरंच आहे हो, पण म्हणून रिड्यूसच्या प्रत्येक फेरीत टिंबं? दहा हजार नगांची यादी अशी एकेक वाढवत नेली, तर आधीचे नग पुन्हापुन्हा उतरवण्यातच जवळजवळ पाच कोटी वेळा हात झिजतात. वर म्हणायचं, कोड किती देखणा!

आणि खरं लफडं तर पुढेच आहे. कॉपी नुसती वरवरची! आत ऑब्जेक्ट असले की दोन्ही ॲरे त्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. कॉपीत गिऱ्हाइकाचा पत्ता बदला, मूळ यादीतही बदललेला. वेगळं बिऱ्हाड केलं म्हणे, आणि चूल एकच! (स्लाइसचंही तसंच, पण त्याने कधी तोरा मिरवला नाही.)

हे कळलं की मंडळी जेसनच्या दारात. स्ट्रिंगिफाय करा, पार्स करा. तिथून तारीख परतते ती साधी स्ट्रिंग होऊन, अनडिफाइन्डचा नल होतो, मॅप तर पार रिकामा. २०२२पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत स्ट्रक्चर्डक्लोन आहे, तारखा-मॅप नीट सांभाळतो. फंक्शन दिसलं की मात्र थेट एरर फेकतो. तेवढा तऱ्हेवाईकपणा चालायचाच.

सॉर्टचा चावटपणा ठाऊक आहे ना? मूळ ॲरेच उलटापालटा करतो आणि तोच साळसूदपणे हातात ठेवतो. म्हणून २०२३मध्ये टूसॉर्टेड आला, जो मुळातच नवा ॲरे देतो. तर आमच्या एका पठ्ठ्याने त्यालाही तीन टिंबं लावली! कॉपीची कॉपी! विचारलं तर म्हणतो, "असू दे, बरं दिसतं."