सॉक्रेटिस आणि चॅपलची हजेरी

हुशार माणसाला काम कमी आणि मान जास्त, ही जगाची सर्वसाधारण रीत. अमेरिकन विद्यापीठांनी ती उलटी फिरवली आणि तिला ऑनर्स प्रोग्रॅम असं नाव दिलं. मुलगी बारावीपर्यंत नेटाने अभ्यास करून वर आली की तिला पत्र येतं: अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. निवड झाली म्हणजे काय, तर बाकीच्यांनी ‘इलियड’मधला एखादा उतारा वाचायचा त्या आठवड्यात हिने सबंध ‘इलियड’ वाचायचं. शेवटच्या वर्षी त्यांनी नोकरी शोधायची, तेव्हा हिने प्रबंध लिहीत बसायचं. त्यांचे मार्क घसरले तर घरचे चार शब्द सुनावतात. हिचे घसरले तर प्रोग्रॅममधून नावच कमी होतं. मोबदल्यात वर्ग लहान मिळतो, पुढच्या सेमिस्टरचे विषय इतरांच्या आधी निवडता येतात, कुठे हॉस्टेलचा वेगळा मजला मिळतो आणि पदवीदानाच्या दिवशी गळ्यात पदक पडतं. हाच प्रकार ख्रिस्ती विद्यापीठात असला, तर त्यात आणखी भर. आठवड्यातून ठरावीक वेळा चॅपलला हजेरी लावायची, आणि ती कार्डावर मोजली जाते. बायबलचे पेपर हिशेबनीस होऊ घातलेल्यांनाही चुकत नाहीत, आणि अशा बऱ्याच ठिकाणी दारूला पूर्ण बंदी. तरी माझं म्हणणं असं, की ऑनर्सला जायचंच असेल तर ते अशाच ठिकाणी जावं. हे म्हटलं की दोन्हीकडचे लोक दचकतात. पुरोगामी म्हणतात, पोरीचा मेंदू धुतला जाईल. भाविक म्हणतात, पोरीची श्रद्धा धुतली जाईल. एकाच वर्गाबद्दल दोन उलट्या भीती असतील, तर त्या वर्गात काहीतरी पाहण्यासारखं चाललेलं असावं, एवढा संशय घ्यायला हरकत नाही.

ऑनर्सचा वंशच मुळात विनोदी आहे. अमेरिकेत तो नीट रुजवला पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने, १९२२ साली. तिथले अध्यक्ष फ्रँक एडलॉट ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला राहून आले होते आणि येताना तिथली छोटे गट आणि बाहेरचे परीक्षक ही पद्धत मनात भरून घेऊन आले होते. हे कॉलेज काढलं होतं १८६४ मध्ये क्वेकरांनी. म्हणजे ज्या पंथाचे लोक न्यायाधीशापुढेसुद्धा डोक्यावरची टोपी काढायला तयार नव्हते, माणूस माणसाला मान देणार नाही, तो फक्त देवाचा, असं म्हणत दंड भरत आणि तुरुंगात जात, त्यांच्याच कॉलेजात मानाच्या पदवीचं रोप लागलं. त्याआधी दोन वर्षं न्यूयॉर्कच्या कोलंबियात जॉन अर्स्किन या प्राध्यापकाने ऑनर्सच्या नावाखाली दर आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचून चर्चा करण्याचा घाट घातला होता. सहकारी म्हणाले, होमर आठवड्यात कसा वाचून होईल? अर्स्किनचं उत्तर सरळ होतं: कुठलंही पुस्तक कधीतरी पहिल्यांदाच वाचावं लागतं. या वादातून जी परंपरा निघाली तिचं सर्वांत कडवं रूप म्हणजे मेरीलँडमधलं सेंट जॉन्स कॉलेज. १९३७ पासून तिथला सगळा अभ्यासक्रमच महाग्रंथांचा. संताचं नाव लावूनही हे कॉलेज कुठल्याच चर्चचं नाही. तिथे ‘डॉन रॅग’ नावाची एक रीत आहे. विद्यार्थ्याला समोर बसवायचं आणि शिक्षकांनी एकमेकांशी त्याच्याबद्दल बोलायचं, तो तिथे नाहीच अशा थाटात: “हा बोलतो चांगलं, पण दुसरं कुणी बोलत असताना पुस्तक चाळत बसतो.” सगळं ऐकून झाल्यावर त्याला विचारतात, तुझं काय म्हणणं आहे? असं तोंडावर, तृतीयपुरुषी ऐकवण्याचं धाडस आपल्याकडे फक्त मुलगी बघायला आलेले पाहुणे करत.

ख्रिस्ती विद्यापीठांनी ही परंपरा उचलली. टेक्सासमधल्या बेलर या बाप्टिस्ट विद्यापीठाने २००२ मध्ये ऑनर्स कॉलेज काढलं. १८४५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आवारात पहिला अधिकृत नाच झाला तो १९९६ मध्ये, हे लक्षात घेतलं तर ऑनर्स फार लवकर आला म्हणायचा. पण मला सर्वांत मजेशीर वाटतं ते कॅलिफोर्नियातलं बायोला. बायोला हे बायबल इन्स्टिट्यूट ऑफ लॉस एंजेलिसच्या आद्याक्षरांचं नाव. ती संस्था १९०८ साली निघाली, आणि तिच्यामागे पैसा होता युनियन ऑइल या तेलकंपनीच्या लायमन स्टुअर्टचा. आधुनिक चिकित्सेने बायबलला लावलेली कात्री थांबवावी म्हणून १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या आणि पाद्र्यांना फुकट वाटल्या गेल्या. त्यांचा खर्चही स्टुअर्ट बंधूंचा. संपादनात हात होता आर. ए. टोरी यांचा, आणि तेच बायोलाचे पहिले डीन. फंडामेंटालिस्ट हा शब्द पुढे त्या पुस्तिकांच्या वळणावर घडला. आणि आज त्याच टोरी यांच्या नावाच्या ऑनर्स कॉलेजात वीस वर्षांची मुलं टेबलाभोवती बसून होमर, प्लेटो आणि दान्ते वाचतात. टोरी स्वतः येलला शिकले होते, जर्मनीतही शिकून आले होते. त्यामुळे ते अगदीच बेशुद्ध पडले नसते. पण घरात झ्यूसचा एवढा वावर पाहून त्यांनी भुवई नक्की उंचावली असती.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा त्या टेबलापाशी आहे. प्लेटोचा ‘सिंपोझियम’ घ्या. नाटककार अगाथॉनने स्पर्धा जिंकली, त्याच्या घरी मद्यपानाची बैठक जमली आहे. आदल्या दिवशीची अजून उतरलेली नाही, म्हणून आज बेताने घ्यायची आणि प्रेमावर भाषणं करायची असं ठरतं. ॲरिस्टोफेनिसला ऐन पाळीच्या वेळी उचकी लागते, शेजारचा वैद्य श्वास रोखायला आणि गुळण्या करायला सांगतो. शेवटी अल्किबिअडिस झोकांड्या खात येतो आणि बेताचं सगळं बिनसतं. पहाटे सगळे आडवे, एकटा सॉक्रेटिस शुद्धीवर; तो उठून लायसियमला जातो, अंघोळ करतो आणि रोजच्यासारखा दिवस काढतो. हे पुस्तक दारूबंदीच्या आवारात, समोर पाण्याच्या बाटल्या ठेवून वाचायचं. त्यातच ॲरिस्टोफेनिसची कथा येते: माणसं मुळात चार हात-चार पायांची होती, देवाने त्यांची दोन शकलं केली आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपलं अर्धं शोधत फिरतो. इतर विद्यापीठांत ही एक रम्य कल्पना. ख्रिस्ती विद्यापीठांत ‘रिंग बाय स्प्रिंग’ नावाची म्हण चालते, म्हणजे शेवटच्या वर्षीच्या वसंतापर्यंत बोटात साखरपुड्याची अंगठी. तिथे या कथेला वेळापत्रकाची निकड आहे. आणि ‘सिंपोझियम’मधलं प्रेम बहुतांशी पुरुषापुरुषांमधलं आहे. नेमक्या याच विषयावर अशा विद्यापीठांचे आचारनियम कडक असतात. त्यामुळे ते पान उलटताना टेबलाभोवती जो खोकला येतो, तो दुसऱ्या कुठल्या वर्गात येत नाही. जिथे कुणालाच काही वाटत नाही तिथे प्लेटो परीक्षेपुरता उरतो. जिथे आत्मा अमर आहे असं रविवारी गाऊन आलेली मुलगी सोमवारी प्लेटोचा ‘फीडो’ वाचते आणि तिच्या लक्षात येतं, की सॉक्रेटिस येशूच्या चारशे वर्षं आधी, बायबल न उघडता, जवळपास त्याच मुक्कामाला चालला आहे, पण भलत्याच वाटेने, तिथे तिला रात्री झोप येत नाही. पुस्तकाने झोप उडवणं ही ऑनर्सची व्याख्या असेल, तर ती इथेच पुरी होते.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांत वजनदार: या विद्यापीठांत अध्यापक श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सह्या करून नोकरीला लागतात, मग उत्तर आधीच ठरलेलं, चर्चा नुसती कवायत. यात तथ्य आहे, आणि सही केलेल्या माणसाला नोकरीची काळजी असते हेही खरं. पण हा आक्षेप घेणाऱ्याने वाचनयादी वाचलेली नसते. दान्तेने होमर, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, सिसरो, युक्लिड यांना, आणि त्यांच्या सोबतीला ॲव्हिसेना आणि ॲव्हेरोस या मुसलमान तत्त्वज्ञांना नरकाच्या पहिल्या वर्तुळात, म्हणजे लिंबोत, बसवलं आहे. ऑनर्सच्या पहिल्या वर्षाची यादी आणि दान्तेच्या लिंबोची रहिवासी यादी शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली हे सांगणं कठीण. तिथून बरंच खाली उतरलं की तिसरा निकोलस हा पोप जमिनीतल्या भोकात डोकं खाली, पाय वर, तळव्यांना आग लागलेली अशा अवस्थेत भेटतो. तो पुढच्या पोपची वाट पाहत असतो. हे लिहिणारा माणूस भक्त कॅथलिक. १५२४ मध्ये इरॅस्मस लिहितो की माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे. दुसऱ्या वर्षी ल्यूथर जाडजूड पुस्तक लिहून त्याचे वाभाडे काढतो. दोघेही त्याच बायबलवर बोट ठेवून. मुलगी येते ती ख्रिस्ती लोकांचं एकमत आहे असं समजून, आणि पहिल्या दोन सेमिस्टरांत तिला कळतं की एकमत फक्त चॅपलच्या वेळेबद्दल आहे. उत्तरं ठरलेली असतील, पण ती इतकी आहेत की त्यांतलं आपलं कोणतं हे शोधायला चार वर्षं पुरत नाहीत.

खरा धोका निराळाच आहे: आपल्याच माणसांचं वाचत बसण्याचा. अशा विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात आवडत्या लेखकावर निबंध मागितला तर मी सी. एस. लुइसवर पैज लावीन. लुइसच्या ‘नार्निया’तल्या कपाटाची भक्ती तर अशी, की इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात त्याच्या आजोबांनी हाताने घडवलेलं कपाट जपून ठेवलं आहे आणि कॅलिफोर्नियातल्या वेस्टमाँट कॉलेजापाशी त्याच्या घरातलं दुसरं कपाट आहे. खरं ‘ते’ कपाट कोणतं यावर दोन्हीकडे आपापली मतं. संतांची हाडं पुजणं हा अंधविश्वास म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी मूर्ती फोडल्या, त्यांच्यात लाकडी कपाटाची गादी कुणाची हा प्रश्न निघावा, याला म्हणतात इतिहासाची गंमत. ऑनर्सचा उपयोग असा, की तो लुइस वाचणाऱ्याला लुइस जे वाचत होता तिथे नेऊन उभं करतो. तिथे बराचसा मूर्तिपूजकांचाच बाजार भरलेला असतो.

दुसरा आक्षेप नम्रतेचा, आणि इथे मी अर्धी हार मानतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की मेजवानीला गेलात तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका, शेवटची जागा धरा. ऑनर्सवाल्यांची विषयनोंदणी मात्र सगळ्यांच्या आधी उघडते, आणि सकाळी आठचा तास टाळण्याच्या बाबतीत शेवटची जागा धरलेला एकही पुण्यात्मा इतिहासाला माहीत नाही. पदकाचं समर्थनही कुणाला करता येणार नाही. एवढंच म्हणता येईल की पदक शेवटच्या दिवशी मिळतं; त्याआधी चार वर्षं “हे तू कशावरून म्हणतेस? पान सांग” या एका वाक्याने रोज नाक कापलं जातं. शाळेत कायम पहिली आलेल्या मुलीला पहिल्यांदाच, भर वर्गात, “मला माहीत नाही” म्हणावं लागतं. चॅपलमधल्या प्रवचनाला हे साधायला जास्त वेळ लागतो.

मराठी आईबापांचा आक्षेप वेगळा, मग ते न्यू जर्सीत असोत की नाशकात: याने नोकरी मिळेल का? प्लेटोने नोकरी मिळत नाही. चांगलं वाचता-लिहिता आल्याने मिळते, पण ते आईबापांना पटवण्यात मी वेळ घालवणार नाही. माझी तक्रार यादीबद्दल आहे. ती अजून बहुतेक ठिकाणी युरोपच्या वेशीपाशी थांबते. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० साली, दान्ते तेव्हा पंचविशीत होता. दोघांनीही विद्वानांची भाषा सोडून लोकांची भाषा धरली. दोघांचे ग्रंथ एका सेमिस्टरला शेजारी ठेवले तर केवढी चर्चा होईल. ख्रिस्ती विद्यापीठाला फार परकं वाटत असेल तर घरचंच आहे: थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याने मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापलं. बायबलची कथा आणि साचा पुराणाचा. मूर्तिपूजकांकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, या प्रश्नाचं एवढं थेट उदाहरण सोडून मुलं तेच तेच चघळतात, हे ऑनर्सला शोभत नाही.

राहिली भाविकांची भीती: श्रद्धा जाईल. जाते कधीकधी, श्रद्धा बायबल वाचूनही जाते, आणि नुसत्या रटाळ प्रवचनांनी तर फारच. पण ही भीती ज्यांना वाटते त्यांनी संत जेरोमची हकीकत वाचावी. चौथ्या शतकातला हा तपस्वी घरदार सोडून निघाला, पण आपली पुस्तकं सोडवेनात. उपास करायचा आणि मग सिसरो वाचायचा, असा क्रम. एकदा तापात त्याला स्वप्न पडलं. देवाच्या न्यायासनापुढे उभं केलं आहे, तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसरोचा आहेस असं ठरवून फटके मारले जात आहेत. जेरोमने तिथल्या तिथे शपथ घेतली, पुन्हा असली पुस्तकं हातात धरणार नाही. पुढे याच माणसाने बायबल लॅटिनमध्ये आणलं आणि ते हजार वर्षांहून जास्त काळ पश्चिमेच्या चर्चने वाचलं. लॅटिनवरचा तो हात कुणाकडून आला होता हे सांगायला नको. त्याच्या लिखाणात व्हर्जिल आणि सिसरो डोकावतच राहिले. शेवटी जुना मित्र रुफिनस याने भांडणात शपथेची आठवण करून दिली, तेव्हा जेरोमने बचाव केला की शपथ स्वप्नात घेतली होती, आणि स्वप्नातल्या शपथा बंधनकारक नसतात. ऑनर्सच्या टेबलाभोवती हा युक्तिवाद दोन तास तरी चालेल, आणि बहुधा रुफिनसच्या बाजूने जास्त मुलं निघतील.