नंबर घेऊन पळालेल्या गाडीवाल्यास

गाडीवाले,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे. तो घेण्याजोगं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

सोलापूर-धुळे महामार्गावर, तुळजापूर आणि येडशीच्या दरम्यान, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, तांबडं फुटायच्या वेळेला तुम्ही एका बाईला उडवलंत. चार जणी कामाला निघाल्या होत्या. पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, एकीमागं एक. ही सगळ्यांत मागं होती. तिच्या पुढं चालणारी सांगते, आवाज झाला तशी ती वळली, तेव्हा तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले दिसले. थोडा वेळ लागून राहिले. मग विझले आणि गाडी सुसाट निघून गेली. म्हणजे काय झालंय ते तुम्हाला कळलं होतं. रस्त्यावर बंपरचा एक पांढरा तुकडा, इंडिकेटरच्या पिवळ्या काचा, विळा आणि भाकरीचा चेपलेला डबा एवढं पडलं होतं. आधी धाराशिवचा दवाखाना, मग सोलापूरचा. मांडीत रॉड पडला. आता ती काठी घेऊन उभी राहते, पण तिला उकिडवं बसता येत नाही. खुरपणी, काढणी, वेचणी, यांतलं एकही काम उभ्यानं होत नाही.

धडक बसली त्या क्षणी चूक कुणाची आणि किती, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल. पहाट होती, अंधूक होतं, तुमचा डोळा लागला असेल, समोरून प्रखर दिवे आले असतील. त्यावर मी काही बोलत नाही. लाल दिवे विझल्यानंतरचं सगळं मात्र तुम्ही ठरवून केलंत. हे पत्र त्याबद्दल आहे.

तुमच्याकडून कायद्याची अपेक्षा फार थोडी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोहोचवायचं, पोलिसांना कळवायचं, आणि तिथल्या तिथं कळवता आलं नाही तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. आता तुमच्याकडचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे: थांबलो असतो तर लोकांनी चोपलं असतं. कायदा करणाऱ्यांनी ही भीती ओळखली होती. जमाव खवळल्यामुळे थांबणं शक्यच नसेल, तर जखमीला पोहोचवण्याच्या जबाबदारीतून सूट याच कलमात लिहिलेली आहे. पोलीस ठाण्यात जाण्यापासून सूट नाही. शिवाय त्या पहाटे रस्त्यावर जमाव कुठला होता? विळे बाजूला टाकून रडणाऱ्या तीन बायका होत्या.

तुम्ही जीव वाचवायला पळाला नाहीत. खर्च आणि कोर्टकचेरी वाचवायला पळालात. तो हिशेब मी तुम्हाला मांडून दाखवते, कारण तो तुम्ही पुरता चुकवला आहे.

रस्त्यावर आणायच्या प्रत्येक गाडीला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो. तुमच्या गाडीला तो असेल, तर त्या बाईची भरपाई तुमच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून जायची होती. तुम्हाला फक्त लायसन्स आणि पॉलिसी घेऊन पोलीस ठाण्यात उभं राहायचं होतं. कलम १६४ खाली तर चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही. गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, मृत्यू झाला तर पाच लाख. चूक सिद्ध करून कलम १६६ खाली दावा लढवला, तर रक्कम माणसाचं वय, कमाई आणि अपंगत्व पाहून ठरते.

समजा एका मजूर बाईचं वय ३८ आहे आणि न्यायाधिकरणानं तिची कमाई महिना १२,००० रुपये धरली. वर्षाचे १,४४,००० झाले. पुढं मजुरी वाढेल म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २,०१,६००. पायानं तिची कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी कमी केली असं ठरलं, तर वर्षाचं नुकसान ८०,६४०. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक ठरवून दिले. ३६ ते ४० या वयाला १५ चा गुणक आहे. गुणाकार करा: १२,०९,६००. औषधपाणी, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी.

गाडी सापडली नाही, तर याच बाईला कलम १६१ खालच्या योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. बारा लाख कुठं आणि पन्नास हजार कुठं. मधले साडेअकरा लाख तुमच्या नंबर प्लेटवर लिहिलेले होते. ती प्लेट घेऊन तुम्ही पळालात. एका शेतमजूर बाईच्या घरातून एवढी रक्कम तुम्ही उचलून नेलीत, आणि तुमच्या पदरात त्यातला एक रुपयाही पडला नाही. तो फक्त विमा कंपनीचा वाचला. तुमच्या वाट्याला आला गुन्हा. बेदरकार गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १३४ चं कर्तव्य टाळल्याची शिक्षा आणखी वेगळी.

तुमचा खरा भरवसा कशावर आहे, तेही सांगते. तो तुमच्या वेगावर नाही. पायी चालणाऱ्याच्या घरच्यांना कायदा माहीत नसतो, यावर आहे. आणि या बाबतीत तुमचा अंदाज आजवर बरोबर ठरत आलाय, याची मला चीड येते. २०२२ या एका वर्षात देशात धडक देऊन पळाल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. त्यांत ३०,४८६ माणसं मेली. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी अर्ज किती आले? २०५. निकाली निघाले ९५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आकडे समोर ठेवून आदेश दिला: गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात गाडी सापडली नाही, तर ठाणे अंमलदारानं जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत तो कागद पोहोचला, हे प्रत्येकानं आपापल्या ठाण्यात जाऊन विचारावं.

म्हणून आता थोडा वेळ मी तुमच्याकडे पाठ फिरवते आणि ज्यांच्या अज्ञानावर तुम्ही विसंबलात त्यांच्याशी बोलते. तुम्हीही ऐका.

बायांनो, बाबांनो, गाडी पळाली तरी ११२ ला फोन करा आणि १०८ ची गाडी बोलवा. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळायला हवेत. दाखल करतानाच तसं विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. रस्त्यावरचा काचेचा तुकडासुद्धा उचलू नका, तो पंचनाम्यात येऊ द्या. दवाखान्याच्या कागदावर हाड मोडल्याचं स्पष्ट लिहिलंय ना ते बघा, कारण हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत. औषधाची चिठ्ठी, रिक्षाची पावती, काही फेकू नका.

गाडी सापडली नाही, तर तालुक्याच्या महसूल कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज जातो. सोबत एफआयआर, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. त्यांनी महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची. पुढं गाडी सापडलीच, तर मोठा दावा करता येतो. त्यातून आधीचे पैसे वळते होतात, एवढंच.

गाडी सापडली असेल, तर दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात कुठंही झालेला असो, तुम्ही राहता तिथं तो दाखल करता येतो. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या माणसांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. धाराशिवच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला विधी सेवा समिती आहे, १५१०० हा फोन नंबर आहे. बाईमाणूस, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचं माणूस, अपंग व्यक्ती, यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. आणि 'टक्क्यावर केस घेतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. भरपाईत वाटा ठरवून फी घेणं वकिलाला नियमानं मना आहे.

आता पुन्हा तुमच्याकडे येते, गाडीवाले. तुमचा एक भाऊबंद असतो, तो थांबतो. दवाखान्यात येतो, दहा-वीस हजार हातात ठेवतो, गावातल्या एका वजनदार माणसाला मध्ये घालतो आणि बाँडवर अंगठा घेतो: 'आमची काही तक्रार नाही.' त्याला आपण भला माणूस म्हणतो. मी म्हणणार नाही. रॉड काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनला तो येत नाही. विमा कंपनी जे देणं लागते, ते वीस हजारांत बुडवणारा आणि मध्यस्थी करून त्याला साथ देणारा, दोघंही तुमच्याच रांगेत उभे आहेत. मोबाइलवर व्हिडिओ काढत थांबलेलेही फार लांब नाहीत. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, त्याला साक्षीला अडकवू शकत नाहीत. कलम १३४ अ त्यासाठीच आहे. वेळेत नेऊन जीव वाचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे.

रस्ता आमच्यासाठी आहे, पायी चालणाऱ्यांनी बघून चालावं, असं तुम्ही म्हणाल. हा जिल्हा कुणाचा आहे ते एकदा बघा. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूरहून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं पायी तुळजापूरला येतात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची वाट येडेश्वरीच्या भक्तांनी भरते. या वाटा तुमच्या चौपदरी रस्त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. महामार्गानं गाव एका बाजूला आणि शिवार दुसऱ्या बाजूला केलं. शाळेत जाणारी पोरं, दूध घालायला निघालेला म्हातारा, काढणीला निघालेल्या बाया, यांना तो ओलांडल्यावाचून दिवस सुरू करता येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ माणसांत ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पदपथावरून सुरक्षित चालणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जिथं सर्व्हिस रोड नाही, दिवे नाहीत, भुयारी वाटेत पावसाचं पाणी साचतं, तिथल्या बाकीच्या दोषींना पत्र लिहायचंय. ते वेगळं लिहीन. त्यांच्या आड तुम्ही लपू नका.

पळून गेल्यावर मृत्यू झाला तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं न्याय संहितेचं उपकलम १०६ (२) ट्रकचालकांच्या जानेवारी २०२४ मधल्या संपानंतर लागू झालं नाही. चालकांची बाजू मला कळते. रात्र रात्र जागून मालकासाठी गाडी पळवणाऱ्याची भीती खरी आहे. म्हणून तुमच्या तुरुंगवासाची मागणी मी आधी करत नाही. आधी तिचे पैसे.

तुम्ही सुटलात असं समजू नका. तामलवाडी आणि येडशीचे टोलनाके कॅमेऱ्यासह जागेवर आहेत, फास्टॅगनं तुमची वेळ नोंदवलेली आहे. बंपरचा तुकडा पंचनाम्यात आहे. नवा बंपर बसवला असेल, तर त्या बिलावर तारीख आहे, आणि तोच बंपर विम्यातून भरून घेतला असेल, तर दाव्याच्या अर्जात अपघाताचं ठिकाण तुम्ही काय लिहिलंत, हेही कुणीतरी विचारणार आहे. पोलिसांना हे धागे जुळवायला लावणं आमचं काम. ते आम्ही सोडणार नाही.

त्याआधी तुम्हाला एक काम करता येईल. २४ तास केव्हाच उलटून गेले, पण ठाण्याचं दार उघडं आहे. लायसन्स, आरसी बुक आणि अपघाताच्या दिवसाची पॉलिसी घ्या, वकील सोबत घ्यायचा तर घ्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन गाडीचा नंबर सांगा. तुमची माफी तिला नको आहे, असं तिनंच मला सांगितलं. नंबर हवा आहे.

रस्त्याच्या कडेनं चालणारी एक