सही नको

अमळनेरच्या २०२४च्या साहित्य संमेलनात मी माझा विनोदी लेखसंग्रह समाजकार्याला जुंपला. प्रत दोनशे रुपयांची, सगळी रक्कम मुलींच्या एका वसतिगृहातल्या ग्रंथालयाला. फलकावर ‘ग्रंथालयासाठी मदत’ ही अक्षरं मोठी आणि माझं नाव त्याहून जरासंच मोठं, असं मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलं होतं. ‘माझं पुस्तक घ्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘मुलींसाठी घ्या’ म्हणताना मात्र आवाज आपसूक भरून येतो.

लोक मोठ्या मनाचे निघाले, तिथेच घात झाला. एका धोतरवाल्या आजोबांनी पेटीत पाचशे एक रुपये टाकले, हात जोडले आणि चालू लागले. मी प्रत घेऊन मागे धावलो.

“राहू द्या हो. दुसऱ्या कुणाला तरी होईल.”

एका गृहस्थांनी ‘८०जी’ची पावती मिळेल का विचारलं. एका काकूंनी पुस्तक न घेतल्यास किती द्यायचे, असा वेगळा दर विचारला.

आजोबांच्या पाचशेवरचा तो एक रुपया माझा जुना आवडता विषय आहे. पुस्तक म्हटलं की वीस टक्के सूट मागणारा माणूस वर्गणी म्हटली की स्वतःहून रुपया वाढवतो. लग्नाच्या पाकिटावर तर तो चिकटवूनच येतो. शून्यावर व्यवहार संपतो, एकावर पुढे चालू राहतो, असं आमची आजी म्हणायची. आता क्यूआर कोडवरही बोट शेवटी त्या एकाकडेच वळतं. सुट्ट्यांची ददात मिटली, रुपया हटला नाही. गणपतीला एकशे एक, जागरणाला एक्कावन्न. मग लेखकाशीच सगळ्यांना व्यवहार शून्यावर का संपवायचा असतो? १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना जमवलं, तेव्हा ग्रंथ खपावेत हीच तर काळजी होती. तेव्हाही कुणी सूट मागितलीच असणार.

शेजारच्या गाळ्यावर ‘श्यामची आई’ भराभर जात होती, पेटीबिटी न ठेवता. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. मला नुसती प्रस्तावना मिळवायला वर्ष लागलं. त्यात गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलचे मास्तर, छात्रालय सांभाळणारे. त्यांच्या गावात वसतिगृहाच्या नावावर पुस्तक खपवणं म्हणजे आळंदीत प्रवचनाचा क्लास काढणं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाई दोन मुलींना घेऊन आल्या. न खपलेल्या प्रती सही करून ग्रंथालयालाच भेट देण्याचा माझा बेत मी थाटात जाहीर केला. बाई थोडं थांबून म्हणाल्या, “सर, आमच्या कपाटात तशीच पुस्तकं आहेत. जुनी गाइडं, गेल्या वर्षांची पंचांगं आणि लेखकांनी दिलेली. मुली वाचत नाहीत. टाकून देता येत नाहीत, वर सही असते.”

मला राग आला. आधी बाईंचा, मग त्या कपाटाचा. घरात नको झालेलं सगळं आपण गाठोडं बांधून मुलींच्या दारात नेऊन टाकतो आणि वर फोटो काढून घेतो. काय हवंय, हे त्यांना कुणी विचारत नाही.

मी विचारलं. मोठीने दप्तरातून वहीचा कागद काढला. त्यावर पोलीस भरतीची पुस्तकं होती, रहस्यकथा होत्या, एक चांगला शब्दकोश होता. पेटी तिथेच उघडली आणि मुलींनी संध्याकाळपर्यंत सगळे गाळे पालथे घातले. सूटही चांगली घासाघीस करून मिळवली.

निघताना बाईंनी पर्समधून दोनशे रुपये काढले. “तुमची एक प्रत द्या. गाडीत वाचीन.”

मी खिशातलं पेन काढलं.

“सही नको,” बाई म्हणाल्या.