ट्रिपवाले काका

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी मित्रमंडळात एक ट्रिपवाले काका असतात. वय जेमतेम चाळीस, पण मुलं काका म्हणतात म्हणून आपणही म्हणू लागतो. ख्रिसमसची रोषणाई उतरायच्या आत त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, 'युटा जून फायनल'. मार्चमध्ये 'फायनल २' होतो. त्यावर एक्सेलची शीट येते. आपण ती न उघडताच अंगठा देतो.

आर्चेस, कॅनियनलँड्स, कॅपिटल रीफ, ब्राइस आणि झायन ही युटातली पाचही नॅशनल पार्कं एका आठवड्यात बसवणं हे काकांचं जीवितकार्य. ८० डॉलरच्या वार्षिक पासवर गाडीतली सगळी माणसं आत जातात, म्हणून मिनीव्हॅनमध्ये एकही सीट रिकामी जाऊ देत नाहीत. मोटेलच्या खोलीत फोडणी देऊ नये, अलार्म वाजतो, ही सूचना शीटमध्ये लाल अक्षरांत. काकू त्यांच्याही वरताण. फोडणी घरूनच बाटलीत भरून आणतात आणि रोज सकाळी दडपे पोहे करतात.

युटाच्या नंबरप्लेटवर जिचं चित्र असतं ती डेलिकेट आर्च बघायला जाऊन-येऊन तीन मैलांची चाल, सावलीच्या नावानं शिमगा. काका पहाटे साडेचारला दारं वाजवतात. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले आजोबा नव्या पांढऱ्या बुटांत धापा टाकत वर पोचतात आणि म्हणतात, "कोकणकड्यावर निदान वारा तरी असतो हो!" काकांची नजर घड्याळावर. "बारा मिनिटं आहेत आजोबा. त्यात ग्रुप फोटो धरलाय."

आपण मागे बसून कुरकुरतो खरे. पण झायनच्या मुख्य दरीत उन्हाळ्यात आपली गाडी नेता येत नाही, शटलच घ्यावी लागते, आणि एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२ पासून सोडतीत परवाना लागावा लागतो, हे आपल्याला गेटवर पोचल्यावर कळलं असतं.

काकांचा पहिला पराभव कॅपिटल रीफमध्ये झाला. तिथल्या फ्रूटा गावच्या बागा मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या. पिकलेलं फळ बागेत उभ्यानं खाल्लं तर फुकट, सोबत न्यायचं तर पैसे. काकांनी वीस मिनिटं दिली होती. 'फुकट' हा शब्द कानी पडल्यावर आजोबा चेरीच्या झाडाखालून तासभर हलले नाहीत. पुण्याच्या माणसाला शीट दाखवून काय उपयोग!

दुसरा पराभव अँटिलोप कॅनियनसाठी अ‍ॅरिझोनातल्या पेजला उतरल्यावर. उन्हाळ्यात युटा घड्याळ तासभर पुढे नेतं, अ‍ॅरिझोना नेत नाही, पण लगतच्या नाव्हाहो भूमीत मात्र पुन्हा नेतात. फोन तर दर पाच मिनिटांनी मत बदलत होता. पाच पार्कं तोंडपाठ असलेला माणूस इथे फसला. आम्ही टूरच्या तासभर आधी हजर, आणि त्या तासात करायला काहीही नाही! काकू चटई अंथरून आडव्या झाल्या. मुलं मातीत रेघोट्या ओढत बसली. आजोबा घोरू लागले. काकांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, टायर दाबून पाहिले, मग फोन काढून शीटमध्ये नवी ओळ घातली:

'निवांत वेळ. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.'