नकारघंटा प्रायव्हेट लिमिटेड

श्रीमंतीची मानसिकता शिकवणारी शिबिरं मंगल कार्यालयातच का भरतात, हे कोडं आम्हाला बरेच दिवस होतं. आत पाऊल टाकल्यावर ते सुटलं. त्या वास्तूत शिरताना माणसाचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. आहेर द्यायचा, जेवायचं आणि हसतमुखाने परतायचं, ही तिथली पिढीजात सवय.

आम्हाला नेलं भाच्याने. प्रवेश फी ९९ रुपये. दारात एका मुलीने आमच्या शर्टाला 'भावी करोडपती' असा बिल्ला लावला. लावण्याआधी आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून ती 'भावी'शी किंचित थबकली, पण शिकवणुकीला जागून तिने टाचणी टोचलीच.

सर आले ते भर मे महिन्यात थ्री-पीस सुटात. पहिली आज्ञा झाली: शेजाऱ्याला टाळी द्या आणि म्हणा, 'मी श्रीमंत आहे.' आमच्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी ते वाक्य इतक्या दबक्या आवाजात म्हटलं, की मागच्या रांगेत प्राप्तिकर खात्याचा माणूस बसलाय की काय, असं वाटावं.

मग सिद्धान्त सुरू झाला. गरीब आणि श्रीमंत यांच्यातला फरक फक्त डोक्यात असतो. बापाची जमीन, रस्त्याला लागून असलेला गाळा, बँकेत साहेब असलेला काका, फाडफाड इंग्रजी, हे सगळं गौण. आणि ते डोकं बिघडवतं कोण? पडद्यावर उत्तर आलं: नकारात्मक माणसं. खाली चित्रात एक वडील, एक पत्नी आणि चष्मा लावलेला एक मिशाळ इसम. भाच्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही चष्मा काढून ठेवला.

पाठोपाठ खेकड्यांची गोष्ट आलीच. मराठी माणसाला धंद्याविषयी काही सांगायचं आणि टोपलीतले खेकडे काढायचे नाहीत, हे आजवर कोणाला जमलेलं नाही. एक खेकडा वर चढतो, बाकीचे त्याचे पाय ओढतात, सभागृह हळहळतं. टोपलीच्या काठावर यशस्वीपणे पोचलेल्या खेकड्याचं पुढे काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मालवणात विचारावं. तो पहिला रश्शात जातो.

दुपारनंतर खरा कार्यक्रम. ९९ रुपयांचं शिबिर ही फक्त ओळख होती, खरी विद्या 'प्लॅटिनम मेंटॉरशिप'मध्ये आणि तिची फी आजच्या आज भरल्यास फक्त ४९,९९९. सभागृहात चुळबुळ झाली. सरांनी ती ओळखली आणि म्हणाले, "आत्ता तुमच्या मनात आलं ना, की एवढे पैसे कशाला? हाच तुमच्या आतला गरीब माणूस!" इथे आम्ही मनोमन हात जोडले. आमच्या मंडईतली भाजीवाली मेथीची जुडी चाळीसला सांगते तेव्हा तिला दहा मिनिटं हुज्जत ऐकावी लागते. किंमत विचारणं हाच रोग आणि किंमत मोजणं हाच त्यावरचा उपाय, अशी मांडणी तिला अजून सुचलेली नाही. सुचली तर ती सूट घालील.

भाच्याने फी भरली. त्याला चहाची फ्रँचायझी घ्यायची होती. आम्ही इतकंच विचारलं होतं, की ज्या रस्त्यावर आधीच चार अमृततुल्य आहेत तिथे पाचवं कोण पिणार? "मामा, तुझं हे स्कार्सिटी माइंडसेट आहे," तो म्हणाला आणि रात्री त्याने आम्हाला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून टाकलं. ग्रुप आमच्या आईच्या पंचाहत्तरीसाठी काढलेला होता.

रिकामा वेळ मिळाल्यावर आम्ही श्रीमंत माणसं खरोखर काय करतात ते वाचायला घेतलं आणि चाट पडलो. वॉरेन बफे यांच्या जगप्रसिद्ध श्रीमंतीत चार्ली मंगर नावाचे भागीदार होते. बफे एखादा सौदा घेऊन आले, की मंगर बहुतेक वेळा नाही म्हणत. बफे त्यांना कौतुकाने 'भयंकर नकारी माणूस' अशा अर्थाच्या टोपणनावाने हाक मारत. आता आमच्या सरांच्या शास्त्राप्रमाणे मंगर यांना पहिल्याच आठवड्यात ब्लॉक करायला हवं होतं. बफे यांनी त्यांना आपल्या कंपनीचं उपाध्यक्ष केलं आणि मंगर 'नाही, नाही' म्हणत अब्जाधीश होऊन, शंभरी गाठायला जेमतेम महिना उरला असताना २०२३ च्या नोव्हेंबरात गेले.

जेफ बेझोस यांची गोष्ट सरांनी सांगितली होती, पण गॅरेजपर्यंतच. गॅरेजमध्ये पैसा कुठून आला हे राहिलं. १९९५ साली त्यांच्या आईवडिलांनी अ‍ॅमेझॉनमध्ये २,४५,५७३ डॉलर घातले. ते घेताना बेझोस यांनी, हे पैसे बुडण्याची शक्यता सत्तर टक्के आहे, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे घरातली नकारघंटा वाजवण्याचं काम त्यांनी स्वतःच उरकलं. आमच्या भाच्याने ताईकडून पैसे घेताना जे सांगितलं ते असं: "आई, सहा महिन्यांत डबल." बाकी दोघांचाही उत्साह सारखाच होता.

हळूहळू आमच्या लक्षात आलं, की श्रीमंत माणूस नकार विकत घेतो. त्याच्याकडे सीए असतो, तो नाही म्हणतो. वकील असतो, तो करारातल्या सतराव्या कलमावर बोट ठेवतो. सौदा करण्याआधी समोरच्याची पाळंमुळं खणायला तो माणसं नेमतो आणि त्यांना तासावर पैसे मोजतो. आपल्याकडे हेच काम मामा, आत्या आणि जिन्यात भेटणारे जोशीकाका फुकट करतात. म्हणून त्याला किंमत नाही.

नकार देणारे नेहमी बरोबर असतात असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. सरांनी ही गोष्ट छान रंगवली. टाळ्या पडल्या. टाळ्यांत पुढचा भाग बुडाला. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितल्यावर लक्ष्मणराव मानसिकता घेऊन रस्त्यावर उभे होते आणि त्यांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती अशी. जमीन ओसाड होती, निवडुंग होता, साप होते, कष्ट अफाट होते. पण संस्थानिकही होता. प्लॅटिनम मेंटॉरशिपमध्ये एखादा संस्थानिक मिळतो का, हे आम्ही माहितीपत्रकात शोधलं. त्यात एक डायरी, एक पेन आणि झूमची लिंक होती.

सरांनी पडद्यावर आणखी एक वाक्य लावलं होतं: लोक आधी तुम्हाला हसतात, मग भांडतात, मग तुम्ही जिंकता. खाली गांधीजींचा फोटो. गांधीजी असं म्हणाल्याचा पुरावा कोणाकडे नाही, पण त्याच धर्तीचं वाक्य २०१५ साली टीव्हीवर एक बाई म्हणाल्याचं मात्र नक्की आहे. त्यांचं नाव एलिझाबेथ होम्स, कंपनी थेरानॉस, दावा बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्या. यंत्र चालत नाही, असं कंपनीतल्याच एका तरुणाने सांगितलं. तो संचालक मंडळावरच्या जॉर्ज शुल्ट्झ या अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्र्यांचा सख्खा नातू. आजोबांनी नातवाऐवजी बाईंवर विश्वास ठेवला. २०२२ मध्ये न्यायालयाने बाईंना अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवास सुनावला. नकारात्मक लोकांकडे दुर्लक्ष करण्याचा इतका शिस्तबद्ध प्रयत्न अलीकडच्या काळात दुसरा झालेला नसावा.

आपल्या देशात नकाराचं घाऊक काम शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सेबी करते. वायदेबाजारात दहापैकी नऊ किरकोळ माणसं पैसे घालवतात, ही सूचना ब्रोकरच्या ॲपवर लॉगिन करतानाच दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात सेबीने जाहीर केलं, की तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे वाचून भाच्याचा मित्र म्हणाला, "म्हणजे सात टक्के कमावतात!" पॉझिटिव्हिटी म्हणतात ती हीच. या आकडेवारीच्या सुमारे वर्षभर आधी सेबीने 'बाप ऑफ चार्ट' नावाने शेअरबाजार शिकवणाऱ्या एका गुरूवर अंतरिम आदेश काढला. शिष्यांकडून जमवलेले १७ कोटींहून अधिक रुपये वेगळे ठेवायला सांगितले. गुरूंचा स्वतःचा ट्रेडिंगचा हिशेब पाहिला तर अडीच वर्षांत जवळजवळ तीन कोटींचा तोटा. शिकवण्याच्या धंद्यात नफा आणि शिकवलेल्या धंद्यात तोटा, हे गणित आम्हाला मंगल कार्यालयातच समजायला हवं होतं. सुटाचे पैसे कुठून आले ते तेव्हा विचारायचं राहिलं.

पण श्रीमंतांच्या मानसिकतेचा खरा पाया सरांनी सांगितलाच नाही. तो डोक्यात नसतो, कंपनी निबंधकाच्या कार्यालयात असतो. 'मर्यादित' या शब्दात. 'रिच डॅड पुअर डॅड' लिहून जगाला श्रीमंतीचे धडे देणारे रॉबर्ट कियोसाकी यांच्या एका कंपनीला, त्यांची शिबिरं भरवणाऱ्या संस्थेचे सुमारे २४ दशलक्ष डॉलर देण्याचा हुकूम झाला. २०१२ साली त्या कंपनीने दिवाळं जाहीर केलं. कंपनीने, हे नीट वाचावं. कियोसाकी श्रीमंतच राहिले.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं तर दिवाळखोरीत गेलेली व्हिडिओकॉन. धनकोंचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी आणि कंपन्या ताब्यात घ्यायला आलेली बोली २,९६२ कोटींची. ज्यांनी माल पुरवला आणि बिलं थकली, त्यांच्या वाट्याला शंभर रुपयांमागे बहात्तर पैसे. २०२१ च्या जूनमध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने या योजनेला मंजुरी तर दिली, पण देताना राहवलं नाही म्हणून आदेशातच विचारलं, की याला केस कापणं ('हेअरकट', म्हणजे येणं सोडून देणं) म्हणायचं की मुंडण? पुढे अपिलात ती योजना रद्द झाली, ते वेगळं. मुंडण कोणाचं झालं, हे मात्र त्या पुरवठादारांना विचारावं. त्यातल्या कित्येकांना त्यांच्या मामाने सांगितलं असेल, एकाच गिऱ्हाइकावर एवढी उधारी ठेवू नकोस. मोठं गिऱ्हाईक आहे, नकारात्मक बोलू नका, असं त्यांनी मामाला ऐकवलंही असेल.

आमच्या भाच्याची कंपनी मर्यादित नव्हती. पतसंस्थेने कर्जासाठी दोन जामीनदार मागितले. त्याच्या मेंटॉरशिपच्या ग्रुपमध्ये तीनशेच्या वर सकारात्मक माणसं होती, रोज पहाटे पाचला एकमेकांना आगीच्या इमोजी पाठवायची. त्यातला एकही पतसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या डोळ्यांना डोळा देईना. व्यवस्थापकाला लागत होती पगाराची स्लिप किंवा पेन्शनचं पासबुक आणि या दोन्ही वस्तू, नशिबाचा खेळ म्हणा, नकारात्मक माणसांकडेच सापडतात. मग दोन वाजता फोन आला. "मामा, कसा आहेस? आजीच्या ग्रुपवर तुला परत घेतलंय."

आम्ही सही केली. न करून सांगतो कोणाला? ताईने बांगड्या ठेवल्या. गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, ब्रँडची फी यांत सगळं गेलं आणि खेळतं भांडवल म्हणून उरला फक्त आत्मविश्वास. दुधाच्या पिशव्या आत्मविश्वासावर मिळत नाहीत. ब्रँडवाल्याला त्याची फी पहिल्या दिवशीच पोचली होती, त्यामुळे तो पूर्णपणे सकारात्मक होता.

या सगळ्यातून आम्हाला धंद्याची कल्पना सुचली. पगारी नकार. श्रीमंतांना मंगर परवडतो, मध्यमवर्गाला आम्ही. साधं पॅकेज ९९ रुपये: एक 'नाही', कारण न देता. ४९९ मध्ये कारणासह. त्यापुढे प्लॅटिनम: आम्ही स्वतः गाळ्यासमोरच्या बाकड्यावर तीन दिवस बसून शेजारच्या अमृततुल्यात किती कप जातात ते मोजू, भाडं आणि लाइट बिल भागवायला किती कप लागतील ते मांडू आणि मग नाही म्हणू. जामीन राहणार नाही, ही अट ठळक अक्षरांत.

भाच्याला कल्पना विलक्षण आवडली. "स्केलेबल आहे मामा, प्रत्येक तालुक्याला फ्रँचायझी दे," म्हणाला. बायकोने कागद उलटसुलट पाहिला. "अहो, इतकी वर्षं फुकट सांगताय तेव्हा कोणी ऐकलं नाही, पैसे देऊन कोण ऐकणार? आणि हो म्हणावंसं वाटणारा एखादा धंदा समोर आला तर त्याचे किती घेणार? जीएसटी धरलाय का? तीन दिवस बाकड्यावर बसलात तर चहाचे पैसे कोणाचे?"

एकाही प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिला कंपनीत उपाध्यक्षपद देऊ केलं आहे. तिने पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ मागितला आहे.