तो काही करत नाही! : छोट्या कुत्र्यांच्या मालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन फक्त काखेत मावणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी आहे. लॅब्रॅडॉर, डॉबरमन आणि जर्मन शेफर्डवाल्यांनी पुढे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांना नियम लागू होतात. त्यांच्या कुत्र्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या अंगावर पंजे ठेवले तर रविवारी सकाळी तातडीची सभा भरते. तेच पंजे पॉमेरेनियनचे असले तर साडीचा निघालेला धागा आत खोचत काकूंनीच "किती गोड!" म्हणायचं असतं. या तफावतीला आम्ही वजनाची सवलत म्हणतो. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकाप्रमाणे चिवावा सहा पौंडांच्या, म्हणजे साधारण पावणेतीन किलोंच्या वर जाता कामा नये आणि पॉमेरेनियन तीन ते सात पौंडांत बसायला हवा. आमच्या निरीक्षणानुसार सवलत सात-आठ किलोंपर्यंत बिनबोभाट मिळते. त्यापुढे कुत्रा चावला तर लोक तो चावलाच असं धरतात.

ही सवलत बरीच जुनी आहे. पॉमेरेनियन मुळात थोराड, थंड मुलखातला कुत्रा. १८८८ साली राणी व्हिक्टोरियानं फ्लॉरेन्सहून एक लहान चणीचा पॉमेरेनियन इंग्लंडला नेला आणि मग राणीची आवड ती सगळ्यांची आवड, या न्यायानं ही जात लहान लहान होत गेली. अंग लहान झालं, आवाजातला अधिकार मात्र कोणी कमी केला नाही. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो, पण हे मालकाला सांगू नये, त्याला वाईट वाटतं. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. त्यात टफी नावाचा कुत्रा क्रिकेटच्या सामन्याला पंच होता आणि शेवटी लग्नाचा गुंताही त्यानंच सोडवला. त्यानंतर गल्लोगल्ली टफी झाले. त्यांनी लग्नं जुळवली नाहीत, पण पोस्टमन बदलायला लावले.

आता मुख्य विषय, म्हणजे वाक्य. 'तो काही करत नाही' हे वाक्य प्रत्येक मालकाला बिनचूक म्हणता आलं पाहिजे. ते कुत्रा समोरच्याच्या पोटरीपाशी पोहोचल्यावर म्हणायचं, आधी नाही. आधी म्हटलं तर समोरच्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. समोरचा ओरडला तर 'खेळतोय हो तो' या दुसऱ्या पायरीवर यावं. त्यानं पाय उचलला तर तिसरी पायरी, 'तुम्ही घाबरलात ना, म्हणून.' म्हणजे चूक पोटरीची. चौथी पायरी 'असं कधीच करत नाही, आज पहिल्यांदाच!' ही असून ती प्रत्येक मजल्यावर एकदाच वापरता येते. लिफ्टमध्ये वापरू नये, तिथे सगळ्या मजल्यांचे लोक एकत्र येतात.

रक्त आलंच तर 'दात लागला, चावला नाही' असं म्हणायची पद्धत आहे. इथे एक अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेनं रेबीजच्या संदर्भात जखमांचे तीन वर्ग पाडले आहेत आणि त्यांत दात लागणे असा वर्ग नाही. कातडीला दातांनी नुसतं कुरतडलं किंवा रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा वर्ग, रक्त आलं किंवा फाटलेल्या कातडीवर लाळ लागली तर तिसरा. दोन्हींत जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लशीसाठी दवाखाना गाठायचा. तिसऱ्या वर्गात इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. एवढं सगळं पावणेतीन किलोंसाठी? हो. विषाणूला वजनकाटा माहीत नाही. या प्रसंगी मालकानं कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक काढून दाखवावं अशी अपेक्षा असते. ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या वीजबिलांखाली असतं. त्यातला शेवटचा शिक्का घर बदलण्याआधीचा निघाल्यास पुस्तक पुन्हा बिलांखाली ठेवून 'सगळं झालंय त्याचं' एवढंच बोलावं. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात टोचतात आणि पुढे दरवर्षी टोचायचं असतं हे ज्यांना माहीत आहे, अशा शेजाऱ्यांपासून सावध राहावं.

कायद्याचं ज्ञानही असावं, पण अर्धं. भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टचीही बंदी करता येत नाही, असं आहे. हा भाग तोंडपाठ असू द्यावा. त्याच तत्त्वांमध्ये सामायिक जागेत कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा आणि त्याची घाण मालकानं उचलावी अशाही सूचना आहेत. तो भाग बहुतेकांच्या प्रतीत नीट छापलेला नसतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ तर विसरलेलंच बरं. आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीला वाव दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं ते म्हणतं. कलमात नुसतं 'प्राणी' आहे. किती किलोंचा, ते लिहायचं राहून गेलेलं दिसतं.

पट्टा आपोआप लांबणारा घ्यावा. म्हणजे मालक पार्किंगमध्ये फोनवर आणि कुत्रा कोपऱ्यावर, अशी दोघांना हवी ती मोकळीक मिळते. मध्ये एखादे आजोबा सकाळचं फिरून येत असतील तर त्यांनी पट्टा ओलांडावा. काळोखात तो दिसत नाही ही तक्रार आम्ही ऐकली आहे. एखाद्या पट्ट्याला बांधलेल्या, खाली मान घालून चाललेल्या लॅब्रॅडॉरच्या तोंडावर आपला मोकळा कोको भुंकत धावला आणि लॅब्रॅडॉरनं एकदाच, हळूच, "गुर्र" केलं, तर कोकोला झटकन कडेवर घेऊन लॅब्रॅडॉरच्या मालकाला "आवरा तुमचा कुत्रा!" असं दरडावावं. कडेवरून कोको आणखी मोठ्यानं भुंकतो. उंची मिळाली की शौर्य वाढतं. उंचीची ही ओढ मुळातलीच आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की लहान चणीचे नर मोठ्यांपेक्षा तंगडी जास्त वर उचलतात. आपली खूण उंचावर पडावी आणि पुढे येणाऱ्याला वाटावं की इथून कोणी मोठं गेलंय, असा अंदाज त्यांनी मांडला. सोसायटीतल्या दुचाक्यांच्या चाकांवरून आम्हीही याच निष्कर्षाला आलो होतो, फक्त प्रबंध लिहिला नाही.

हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपतीत दर्शनाला येणारे लोक हे कुत्र्याच्या दृष्टीनं घुसखोर आणि मालकाच्या दृष्टीनं कुत्र्याचे पाहुणे. बेल वाजली की कोकोनं दाराकडे झेप घ्यावी, मालकिणीनं त्याच्यामागे, आणि पाहुण्या वहिनींनी हातातलं ताट डोक्यावर धरावं. मग त्यांना सूचना द्याव्यात: लक्ष देऊ नका, डोळ्यांत बघू नका, पळू नका, हात वर करू नका, वास घेऊ द्या. कुत्र्याला यांतलं काही सांगायची आवश्यकता नाही. लहानपणी कुत्रा चावल्यामुळे एखाद्या वहिनी दारातच थांबल्या तर "तुम्हाला कुत्री आवडत नाहीत?" असं विचारावं. पण सूर असा असावा, जणू त्यांनी देव्हाऱ्यातली चांदीची वाटी उचलली आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र वजनाची सवलत उलटी लागते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदेपोह्यांतला कांदा त्याच्या रक्तपेशींना बाधतो. वाढदिवसाच्या केकमधलं चॉकलेट मोठ्या कुत्र्याला एखादवेळी पचेल, तीन किलोंच्या कुत्र्याला तेवढंच दवाखान्यात नेईल. पाहुण्यांच्या लहान मुलानं हौसेनं भरवलेला एक घास त्याला पुरतो. तेव्हा ताटं उचलेपर्यंत कोकोला आतल्या खोलीत ठेवणं बरं. पण आत ठेवलं की तो रडतो, रडला की मालकिणीला बघवत नाही आणि तो बाहेर येतो. मग शिरा खाली सांडतो.

पुढचा भाग आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण त्यात मालक सगळ्यांत जास्त कष्ट घेतात. कुत्रा चावण्याआधी बरंच बोलतो. त्याला झोप आलेली नसताना तो जांभई देतो, समोर खायला काही नसताना ओठ चाटतो, मान वळवून डोळ्यांतला पांढरा भाग दाखवतो, अंग आवळून एकदम गप्प होतो. लॅब्रॅडॉर असं करू लागला तर माणसं दोन पावलं मागे सरकतात, म्हणजे त्याचं म्हणणं पोहोचतं. कोकोच्या बाबतीत काय होतं? जांभई दिली की "दमला बिचारा." ओठ चाटले की "लाडू हवा वाटतं." डोळे पांढरे केले की "बघा कसा लाजतो!" आणि अंग आवळून गप्प झाला की "शहाणा झाला हं अगदी," असं म्हणत पाहुण्यांची पाच वर्षांची मुलगी त्याच्या गळ्यात हात घालते. शेवटचा उपाय म्हणून तो गुरगुरतो, तर त्याच्या नाकावर टिचकी मारून "नो, कोको!" आता गुरगुरणंही चालत नाही, हे त्याला समजतं. पुढच्या वेळी तो ही पायरी गाळतो. मग सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावला. आमच्या मते त्यानं अर्जाची पूर्ण प्रक्रिया पाळलेली असते, कार्यालयानं एकही अर्ज उघडलेला नसतो.

बरं, दिवसभर त्याला कोणीही केव्हाही उचलतं. आपण बसलेल्या जागेवरून कोणी न विचारता आपल्याला दिवसातून वीसदा सहा फूट वर नेलं असतं तर आपणही एखाद्याचा अंगठा धरला असता. पिल्लू तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जगाशी ओळख करून घेतं: छत्री, हेल्मेट, दाढीवाले काका, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी. लशी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून त्याला त्या काळात रस्त्यावर सोडत नाहीत, ते ठीकच. पण कडेवर घेऊन दाराबाहेर उभं राहायलाही कोणी मना केलेलं नसतं. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला पुढची भीती असते, म्हणून तो हे करतो. छोट्याचा मालक स्वेटर विणतो.

व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये १२००हून अधिक मालकांच्या पाहणीतून हेच मांडलं होतं. लहान कुत्री जास्त उत्तेजित आणि आक्रमक आढळली, आणि त्यांच्या मालकांच्या वागण्यातही मेळ कमी होता, शिकवणंही कमी. आज सोफ्यावर चढू द्यायचं, उद्या पाहुण्यांसमोर "खाली उतर" म्हणून डाफरायचं. कुत्र्यानं कोणत्या दिवसाचा नियम पाळायचा?

एवढं होऊनही तक्रार आली आणि समितीनं बोलावलं, तर कोकोला सोबत न्यावं. त्याला बघून निम्मी सभा विरघळते. महापालिकेच्या परवान्याबद्दल कोणी विचारलं तर "एवढ्याशा कुत्र्याला?" असा चेहरा करावा. उरलेल्या निम्म्या सभेनं फारच लावून धरलं, तर प्रशिक्षक लावतो असं लेखी द्यावं आणि खरंच लावावा, कारण हल्ली सभा पाठपुरावा करतात. प्रशिक्षक येतो, बेल वाजते, कोको दाराशी थयथयाट करतो. प्रशिक्षक त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो मालकाला सांगतो: दाराकडे धावू नका, उचलू नका, ओरडू नका, कोपऱ्यात एक सतरंजी टाका, बेल वाजली की तो तिथे जाऊन बसला तरच खाऊ द्या आणि तो बसेपर्यंत दार उघडू नका. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की दोन मिनिटं लागतील. घरात सगळ्यांनी हेच करायचं, आजींनीसुद्धा. मग तो बाहेर जाऊन पुन्हा बेल वाजवतो आणि मालक धावत नाही ना, ते बघतो. तास संपला की तो पावती फाडतो. पावती कोकोच्या नावावर असते.